सुभेदारांचे एकोणीस संच

मिरजेच्या इस्पितळात सुभेदारांना शेवटचं भेटले, तेव्हाही आमचं भांडणच झालं. हाताला सलाइनची सुई, पायांवर सूज, चेहऱ्याचा रंग उतरलेला, आणि हा गृहस्थ केसपेपरच्या पाठीवर पेन्सिलीनं ठिपके काढत बसलेला. मोजून छत्तीस ठिपके. ‘‘कृष्णाकाठची गावं हायत ही,’’ ते म्हणाले, ‘‘औदुंबरापासनं हरिपुरापतोर. परत्येक गावात वायरलेसचा एक संच. आता मला येवढंच सांगा बाई, एकेकाच्या वाट्याला दिवसाचे किती निरोप येतील?’’ मी म्हणाले, ‘‘सुभेदार, आधी बरे व्हा. निरोप कुठे पळून जात नाहीत.’’ त्यांनी कागद उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी आणलेली मोसंबी त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या हातात दिली आणि रागातच बाहेर पडले. डॉक्टर बोलू नका म्हणतात, तरी हा माणूस बोलतो. पाणी मोजून प्यायला सांगतात, तरी हा तांब्या तोंडाला लावतो. मी काय काय समजवायचं...

आठ दिवसांनी त्यांची मुलगी सुजाता आमच्या जिन्यात उभी होती. ‘‘बाई, आप्पा गेले सकाळी,’’ एवढंच म्हणाली. मी उत्तरपत्रिका तपासत होते, हातातलं लाल पेन तसंच होतं. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा दुःख झालं नाही, चीड आली. त्यांची आणि माझीही. कारण त्यांना हवं असलेलं उत्तर मला तोंडपाठ होतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही, इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीसाठी डोकं खाल्लं, त्या दिवशी मात्र दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नायब सुभेदार ज्ञानदेव वाघमारे. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या, गावाबाहेरच्या एका वस्तीवरचे. सैन्यात सिग्नलमध्ये पंचवीस वर्षं काढून नव्वदच्या सुमारास घरी आले. सुजाता लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत आमच्याच इमारतीत राहायला आली, म्हणून आमची ओळख झाली. मी कॉलेजात गणित शिकवते हे तिनं वडिलांना सांगितलं, ही तिची चूक. पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत उघडं केलेलं वायरलेसचं यंत्र. ‘‘तुमी गणिताच्या बाई न्हवं? एक शंका हाय.’’ मी चहा विचारला. चहा घेत त्यांनी जी शंका काढली, ती नऊ वर्षं संपली नाही.

त्यांना खोऱ्यात वायरलेसचं असं जाळं उभं करायचं होतं, की ज्याला मुख्य ठाणंच नाही. गावागावांत एकेक संच. कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या सोंडा एकमेकींच्या आड येतात, त्यामुळे या गावाचा आवाज फार तर शेजारच्या गावापर्यंत पोचतो, त्यापलीकडे नाही. म्हणून निरोप हातोहात पुढे जायचा. पहिल्या गावानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तो वहीत लिहून घेऊन तिसऱ्याला सांगायचा, असं करत शेवटापर्यंत. प्रत्येकजण स्वतःचे निरोपही पाठवणार आणि दुसऱ्यांचेही वाहणार. ‘‘मग एखाद्या उंच डोंगरावर एकच मोठं ठाणं का उभारत नाही?’’ मी सहज विचारलं. सगळेच हे विचारतात. सुभेदारांनी कपबशी खाली ठेवली. ‘‘त्या डोंगरावर कुणाचा माणूस बसणार, बाई?’’

याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. सदुसष्ट साली कोयनेला मोठा भूकंप झाला, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि सीमेवर एका चौकीत वायरलेसवर बसलेले होते. रेडिओवर बातमी ऐकली. त्या दिवसापासून ते रोज इतरांचे निरोप घेत होते, देत होते. कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली. स्वतःच्या घरचा निरोप नवव्या दिवशी आला. आई आणि धाकटा भाऊ भिंतीखाली गेले होते. पुढे सुट्टीवर आल्यावर त्यांना समजलं, की गावातून बाहेर निरोप जायची एकच जागा होती, आणि तिथे आधी धरणाच्या कॉलनीतल्या साहेबांचे निरोप गेले, मग गावातल्या घरांचे, आणि शेवटी, सवड झाली तेव्हा, वस्तीचे. कुणी मुद्दाम केलं असं ते म्हणत नसत. ‘‘रांग हुती,’’ एवढंच म्हणायचे. ‘‘रांग कुणी लावली ते म्या इचारलं न्हाई. पन रांगेचं शेवटचं टोक आमच्याकडं हुतं, आन ते कायम आमच्याकडंच असतंय.’’

तर मुख्य ठाणं नको, हा हट्ट तिथून आला होता. तो मला मान्य होता. मला मान्य नव्हता तो त्यांचा दुसरा हट्ट, की संच जितके जास्त तितकं चांगलं.

सुरुवातीला पाच संच होते. ते कसे मिळवले, परवाने कसे काढले, हा वेगळाच छळ आहे. वायरलेस वापरायचं तर हौशी रेडिओची परीक्षा द्यावी लागते, त्यात तारयंत्राच्या कडकट्टचं मोर्स येतं. सुभेदारांनी गावोगावच्या माणसांना ही परीक्षा द्यायला लावली. गिरणीवाले आनंदराव, एक कंपाउंडर, एक प्राथमिक शिक्षक, आणि मधल्या गावची अंगणवाडीची शेवंता. सातवी शिकलेली, दोन मुलींची आई. ती लाटण्यानं पोळपाटावर मोर्सचा सराव करायची आणि सासू विचारायची, पोळ्या हायत का तारा? पहिल्या खेपेला ती नापास झाली, दुसऱ्या खेपेला पहिली आली. सुभेदार पेढे घेऊन आमच्याकडे आले होते, जसं काही मीच पास झाले. मी पेढा तोंडात टाकला तेवढ्यात म्हणाले, ‘‘तुमी कवा देताय परीक्षा?’’ मी म्हटलं, मला कामं आहेत.

पाच संच झकास चालले. सकाळी दोन तास सगळे यंत्रापाशी बसायचे. कुणाची गाय आजारी, कुठल्या वळणावर दरड आली, एस.टी. आज येणार का नाही. सुभेदार हरखून गेले. पाचाचे अकरा केले. अकरा झाल्यावर ते माझ्याकडे आले ते जरा गोंधळून. ‘‘बाई, माणसं दुप्पट झाली, तर निरोपबी दुप्पट जायला पायजेत न्हवं? आवं, उलट झालंय. पयल्यांदा एकेकजण आठ-आठ निरोप धाडायचा. आता तीनबी जात न्हाईत. माणसं आळशी झाली का यंत्र बिघडलं?’’

मी म्हटलं, दोन्ही नाही. आणि फळ्यावर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर, खडूनं अकरा ठिपके एका ओळीत काढून दाखवले. सगळे एकाच लहरीवर बोलतात. एक बोलत असताना त्याच्या शेजाऱ्यांनी गप्प बसायचं, नाहीतर आवाजावर आवाज चढतो. म्हणजे एका जागी एका वेळी एकच तोंड. आता पाच गावं असतील तर निरोपाला फार तर चार उड्या. अकरा असतील तर दहा. प्रत्येक उडीला तितका वेळ त्या जागची तोंडं बंद. नवा माणूस जाळ्यात आला की एक वाहणारा वाढतो खरा, पण तो स्वतःचे निरोपही घेऊन येतो, आणि त्या निरोपांना आता जास्त लांब जायचं असतं. वाहणाऱ्यांपेक्षा ओझं जास्त वाढतं. ‘‘एका ओळीत गावं असली,’’ मी म्हटलं, ‘‘तर गावं दुप्पट केली की एकेकाचा वाटा निम्मा. तुमचं खोरं म्हणजे एक ओळच आहे. सांगलीकडं सपाटीवर गावं चहूकडं पसरलेली आहेत, तिथं जरा बरं. तिथं गावं चौपट करावी तेव्हा वाटा निम्मा होतो. पण होतो. वाढत कुठंच नाही.’’

सुभेदारांनी फरशीकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं पटलं. मग ते म्हणाले, ‘‘तुमचं गणित माणसं मोजत न्हाई, ठिपके मोजतंय.’’ आणि पिशवी उचलून गेले. दोन महिन्यांत अकराचे चौदा केले, आणि पुढच्या दोन वर्षांत एकोणीस.

मी किती चिडले होते हे आता लिहून सांगता येत नाही. एरवी मी वर्गात साठ मुलांना गप्प करते. या एका माणसाला मी दोन वर्षं तेच तेच सांगत होते. दर महिन्याला ते पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जायचे, तिथून मुलीकडे सांगलीला यायचे आणि वर येऊन माझं डोकं खायचे. संचांचा जोर वाढवला तर? मी म्हणायचे, आवाज लांब जाईल, पण तितकी जास्त तोंडं गप्प बसवावी लागतील. वेळा वाटून दिल्या तर? वाटणी नीट होईल, पण वाटायला मुळात आहे तेवढंच आहे. मग ते नवीन माणूस जोडल्याची बातमी द्यायचे. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. वरच्या अंगाच्या एका धनगरवाड्यानं संच मागितला. मी म्हटलं, आता पुरे, त्यांना नाही म्हणा. सुभेदार म्हणाले, ‘‘कुणाला तरी न्हाई म्हनायचं, तर पयला न्हाई कुनाच्या वाट्याला जातो, ते मला ठावं हाय.’’ ते चूक होते असंही नाही, गणित चूक होतं असंही नाही. त्या दोहोंच्या मध्ये कुणालाही जागा नव्हती, आणि तिथेच मी दोन वर्षं उभी होते.

मग एका थंडीत, सकाळी नऊच्या सुमारास, धक्का बसला. कोयनेत धक्के बसतातच. माणसं भांडी सावरतात आणि पुन्हा कामाला लागतात. हा त्याहून मोठा होता. सदुसष्टसारखा मुळीच नव्हे, पण जुन्या दगडमातीच्या भिंती पाडायला पुरेसा. ज्या दिवसासाठी सुभेदारांनी सगळं उभं केलं होतं, तोच तो दिवस. एकोणीसच्या एकोणीस माणसं धावत यंत्रापाशी गेली. एकानंही हयगय केली नाही. आणि एकोणीसजण एकदम बोलायला लागले.

प्रत्येकाला दूरचं हवं होतं. कुणाची मुलगी खालच्या टोकाला दिलेली, कुणाचा भाऊ वरच्या टोकाला, सगळ्यांनाच पाटणहून जीप हवी. सगळे निरोप दोन्ही बाजूंनी मधल्या गावावरून जाणार, आणि मधल्या गावात शेवंता. ती अंगणवाडीच्या ओसरीवर यंत्र मांडून बसली होती. कान लावून, वहीत लिहून घेऊन, एकेक पुढे ढकलत. पहिल्या पाऊण तासात तिनं चौदा निरोप वाहिले. पाचव्या की सहाव्या निरोपाच्या वेळी तिची थोरली मुलगी रडत आली, की मागच्या खोलीची भिंत आजीच्या पायावर पडलीय. शेजाऱ्यांनी दगड उचलून म्हातारीला बाहेर काढलं, पण पायाचा चेंदा झाला होता. शेवंतानं स्वतःचा निरोप वहीत लिहिला. जीप पाहिजे, तातडीनं. आणि तो रांगेत शेवटी ठेवला. कारण सुभेदारांनी तिला शिकवलं होतं, आधी आलेला निरोप आधी. आपला म्हणून पुढे घालायचा नाही. तिच्या आधीचे निरोप वहीत साठून पडले होते. तिचा नंबर आला तेव्हा वरच्या गावाच्या यंत्राचं बोलायचं बटण चुकून दाबलेलं राहिलं होतं, आणि त्या आवाजात तिचं बोलणं विरून गेलं. दोनदा, तीनदा. शेवटी कुणीतरी पायी रस्त्यावर जाऊन ट्रॅक्टर थांबवला. म्हातारी कऱ्हाडला पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सुभेदार चौथ्या दिवशी शेवंताकडे गेले. त्या भेटीला मी नव्हते, वहिनींनी सांगितलं. शेवंता सासूला भरवत होती. ती उठली नाही, या म्हणाली नाही. भरवता भरवता म्हणाली, ‘‘सुभेदार, समद्या खोऱ्याचे निरोप माज्या तोंडातनं गेले. माजाच घशात ऱ्हायला.’’ एवढंच. सुभेदार दारातच बसून राहिले. नऊ दिवस चौकीत बसून दुसऱ्यांचे निरोप वाहिलेला माणूस तो.

पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. बसले नाहीत. म्हणाले, ‘‘ते फरशीवरचं गणित परत एकदा काढा.’’ माझ्या जिभेवर आलं होतं, की दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. आलं होतं कशाला, मी बोललेच. त्यांनी ऐकून घेतलं. उलट बोलले नाहीत, आणि त्यामुळे मला फार वाईट वाटलं. मी खडू घेऊन खाली बसले. एकोणीस ठिपके, मधला मोठा केला. निरोप कुठून कुठे जातात त्या रेषा काढल्या. मधल्या ठिपक्यावर इतक्या रेषा झाल्या की तो दिसेनासा झाला. सुभेदारांनी वाकून त्यावर बोट ठेवलं. ‘‘ही शेवंता,’’ ते म्हणाले.

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. आणि त्यांनी विचारलं, ‘‘बाई, ह्या रेघा येवड्या लांब कुनी काढल्या?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हंजे, परत्येकाला टोकापतोर बोलायचंय, असं तुमी धरलंय न्हवं? आन म्याबी धरलं. पन भुई हालल्यावर टोकाचा मानूस काय करनार हाय? भिंत उचलायला येतोय तो शेजारच्या गावचा. समजा, परत्येकानं निस्तं शेजाऱ्याला इचारलं, तर?’’

मी फरशी पुसली. ठिपके पुन्हा काढले आणि फक्त शेजारच्या ठिपक्यापर्यंत छोट्या रेघा ओढल्या. तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यालाच मला दिसलं, पण हात थांबवला नाही, शेवटपर्यंत काढलं. एका टोकाला दोघे बोलत असताना दुसऱ्या टोकाला आणखी दोघे खुशाल बोलू शकतात, मधेही दोघे बोलू शकतात. कुणाचा निरोप कुणाच्या डोक्यावरून जात नाही. एकोणीस असोत की एकोणीसशे, एकेकाचा वाटा तेवढाच राहतो. जाळं कितीही वाढवा. ‘‘हे तुमी मला आदी का न्हाई सांगितलं?’’ सुभेदार उसळले. त्यांचा मूळ आवाज परत आला. मी म्हटलं, ‘‘तुम्ही विचारलं नाहीत!’’ ते खोटं होतं. मलाही तोवर सुचलं नव्हतं. मी दोन वर्षं त्यांना सांगत होते की संच वाढवू नका. निरोप किती लांब जायला हवेत, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही घातला नव्हता. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही. आता इथे करते, म्हणजे निदान छापून तरी येईल.

त्यानंतर त्यांनी खोऱ्यातली सगळी घडी बदलली. रोज सकाळी सातला प्रत्येकानं आपल्या खालच्या शेजाऱ्याला विचारायचं, ठीक? त्यानं सांगायचं, ठीक. बस. संकट आलं तर आधी शेजारी. दर तीन गावांत एक गाडी ठरवून ठेवलेली. लांबचे निरोप धक्क्याच्या दिवशी पाटणला जीप मागण्यापुरतेच, तेही वेळ ठरवून. माणसं कुरकुरली. कंपाउंडर म्हणाला, मग एवढी परीक्षा कशाला दिली, शेजाऱ्याशी तर बांधावरून बोलता येतं. एकदोघांनी यंत्रं परत दिली. सुभेदारांनी त्यांच्या जागी नवी माणसं शोधली, पुन्हा मोर्स शिकवलं. शेवंताकडे यंत्र राहू द्यावं का, हे त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणे महिनाभर काही बोलली नाही. मग एका सकाळी सातला तिनं खालच्या गावाला विचारलं, ठीक? त्या दिवशी सुभेदार सांगलीला आले आणि एकही शंका न काढता आमच्याकडे दोन कप चहा पिऊन गेले.

पुढे दोन-तीन लहान धक्के बसले. एकदा दरड कोसळून एक घर गेलं, आणि शेजारच्या गावची माणसं पाऊण तासात तिथे होती. याचा कुठे गाजावाजा झाला नाही. सुभेदारांना तोवर कृष्णाकाठानं वेड लावलं होतं. पुराच्या वेळी सांगलीकडच्या गावांनाही असंच जोडायचं, आणि तिथे सपाटी असल्यामुळे लांबचे निरोपही थोडेफार परवडतील, हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेलं. छत्तीस गावं. छत्तीसचं वर्गमूळ सहा. लहरीवर एखादा एकटा असता तर जितकं बोलला असता, त्याच्या साधारण सहावा हिस्सा एकेकाच्या वाट्याला. हेच ते अर्ध्या मिनिटाचं उत्तर. दरम्यान मूत्रपिंडं कामातून गेली होती, आणि ती किती दिवस कामातून गेली होती, हे त्यांनी बायकोला, मुलीला, कुणालाही सांगितलं नव्हतं. जगभराचे निरोप पोचवायला निघालेला माणूस, स्वतःच्या अंगातला निरोप मात्र दाबून बसला. याला काय म्हणावं? मी अजूनही चिडून आहे.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच त्यांच्या वस्तीवर गेले. नऊ वर्षांत त्यांनी पन्नास वेळा बोलावलं असेल. मला घाट लागतो. सुजाताबरोबर गेले, मुक्काम केला. सकाळी चूल पेटली होती, वहिनी भाकरी थापत होत्या. सुभेदारांच्या खोलीत यंत्र होतं, वर स्वच्छ रुमाल टाकलेला. सातला त्यातून आवाज आला. वरच्या गावचे गिरणीवाले आनंदराव. ‘‘ठीक?’’ खरखर झाली. पुन्हा, ‘‘ठीक?’’ परवाना सुभेदारांच्या नावाचा. वहिनींना यंत्राला हात लावता येत नाही. कुणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा विचारून आवाज बंद झाला. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, ‘‘वहिनी, त्यांना सांगा ना, हे ठाणं आता यादीतून काढा म्हणून. रोज कशाला...’’

वहिनी म्हणाल्या, ‘‘थांबा जरा. येतील.’’

पाऊण तासानं आनंदराव दारात उभे होते. साठी उलटलेला माणूस, पायांना चिखल, धाप लागलेली. सोंडेवरून उतरून आले होते. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, ‘‘ठीक हाय का, वैनी?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘ठीक हाय, दादा. आत या.’’ ते आत आले, बसले, चहा घेतला. सुजाता मला हळूच म्हणाली, आप्पा असताना हे कधी वस्तीत चहाला थांबले नव्हते. मी त्यांना विचारलं, रोज येता? ‘‘रोज म्हंजे, रोजच की,’’ ते म्हणाले. ‘‘सुभेदारांचा नियम हाय. शेजाऱ्यानं तीनदा इचारून उत्तर दिलं न्हाई, तर यंत्र सोडायचं आन चालत जायचं. आता हे यंत्र उत्तर देत न्हाई. मंग काय करनार?’’

मी म्हणाले, ‘‘अहो, पण ते का उत्तर देत नाही ते तुम्हाला माहीत आहे ना?’’

‘‘ठावं हाय की.’’

‘‘मग?’’

आनंदरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला क्षणभर फरशीवर वाकलेले सुभेदारच आठवले. ‘‘आवं बाई, नियमात का म्हून इचारायचं न्हवतंच. जायाचं हुतं.’’ बशीतला चहा संपवून ते उठले. दारात थांबले, मागे वळले. ‘‘आन तुमी? ठीक?’’

महिना झाला होता. सांगलीत कितीजण भेटले, सुभेदारांबद्दल बोलले, हळहळले. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रुमाल टाकलेल्या यंत्राकडे बघत राहिले. आनंदराव उभेच राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘ठीक?’’ आता तिसऱ्यांदा विचारतील, आणि मग काय करतील कुणास ठाऊक, या धास्तीनं मी जरा चिडूनच म्हणाले, ‘‘ठीक आहे हो, ठीक आहे.’’

तेव्हा कुठे ते गेले.